बाबांचा पेपर

४ मार्च, सोमवार
‘बसवाल्यांची मुजोरी! शहर वेठीला!’ — आठ कॉलमी मथळा. आज संपाचा सहावा दिवस. संपावर का बसलेत, त्याबद्दल एक ओळ नाही. सोळा-सोळा तासांच्या पाळ्या, नीट न लागणारे ब्रेक, गेल्या महिन्यात स्टिअरिंगवरच गेलेला तो ड्रायव्हर — कशाचं नाव नाही. मंत्र्यांचा हसरा फोटो मात्र आहे. मेल्यांनो, लाज कशी वाटत नाही!

आणि हे सगळं मलाच मोठ्याने वाचावं लागतं. शुगरने बाबांचे डोळे नेले. औषधाच्या दुकानात कामाला निघण्याआधी रोज अर्धा तास त्यांना पेपर वाचून दाखवायचा. दुसरा कुठला चालत नाही. तीस वर्षं याच पेपरच्या छापखान्यात मशीनवर काढली ना! त्यात आलं म्हणजे खरं. माझा धाकटा भाऊ बस चालवतो, तोही संपात. बाबांनी त्याला सांगून टाकलं, गुंडांबरोबर बसायचं तर या घराची पायरी चढू नकोस. गेला बिचारा. मित्राकडे फरशीवर झोपतो.

५ मार्च
डेपोवर डबा घेऊन गेले. सगळे ताडपत्रीवर मुकाट बसलेले. धाकटा वाळलाय. बाबा काही म्हणाले का, विचारत होता. आठवण काढतात म्हटलं. कसली आठवण!

६ मार्च
‘संपकऱ्यांची डेपोत दगडफेक.’ अरे, मी तिथे होते! डोकंच फिरलं. मध्येच थांबले तर बाबा म्हणाले, पुढे वाच. वाचलं — पण छापलेलं नव्हे. पाळ्या, ब्रेक, गेलेला ड्रायव्हर, सगळं.

बाबांनी विचारलं, “किती कॉलमात आहे?”

“दोन.”

“दोन कॉलमात एवढं मावत नाही.”

उरलेलं पान सहावर आहे म्हटलं, तेव्हा मान हलवली.

९ मार्च
आता दुपारीच दुकानात उद्याची बातमी मनात जुळवते. छोटी ठेवते. ‘विश्वसनीय सूत्रांकडून कळते’ वगैरे घालते. जमतंय मला. त्याचीच भीती वाटते.

१२ मार्च
बाबांनी आज चहा तसाच ठेवला. म्हणाले, “त्याला सांग, बाप चुकला. आणि म्हणावं, आता मागे हटू नकोस.”

न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. मग थेट डेपो गाठला. धाकटा तिथे नव्हता. बाकीचे माझ्याशी धड बोलेनात. फोन बंद.

१४ मार्च
पहिल्या पानावर धाकटा. मंत्र्यांशी हात मिळवताना. ‘संपाच्या पुढाऱ्यांनी आम्हाला फसवलं — कामावर परतलेल्या चालकाची कबुली.’ असलं कसं छापतात, म्हणून तावातावाने धाकट्याला फोन लावला. आज उचलला.

“खरं छापलंय ताई. मीच म्हणालो तसं. दमलो गं मी.”

बाबा खुर्चीत वाट बघत होते. आपल्या पोराचं काही आलंय का, विचारलं. आलंय म्हटलं, फोटोसकट. आणि वाचलं — सगळे डळमळले, हा एकटा जागचा हलला नाही.

बाबांनी ते पान मागून घेतलं. घडी घालून खिशात ठेवलं. आता चपला घालून दारात उभे आहेत. डेपोवर ने म्हणतात.