सगळ्या चिंध्या आल्या होत्या

प्रिय आईस,
दमलेल्या लेकीचा नमस्कार.

मावशीचं शेवटचं सगळं नीट पार पडलं. तुझ्या धाकट्या बहिणीला शेवटी कुत्रंही विचारणार नाही, हा घोर आता सोड. “एक ना धड, भाराभर चिंध्या,” म्हणायचीस ना तिला? त्या सगळ्या चिंध्या आल्या होत्या.

दवाखान्यात तिच्यासोबत काम केलेल्या नर्सा म्हणाल्या, “ही आमची.” त्यावर शिंपी तापला, “तुमची कसली हो? माझ्या दुकानात कोट बेतलेत बाईंनी!” तिच्याकडे गाडी शिकलेल्यांनी दारात अशा गाड्या लावल्या, की शववाहिनीला वाट मिळेना. गाण्याच्या शिष्या रडतानाही बेसूर होत्या. सगळ्यांना चहा देऊन माझे हात भरून आले.

मी मात्र वीस वर्षं एकच खुर्ची उबवतेय. माझ्या वेळी साहेब फार तर अर्धी रजा टाकतील.

तब्येत ठीक आहे, वेळेवर जेवते. ज्याच्यापायी तुला निघता आलं नाही, तो बाबांचा गुडघा काय म्हणतो?

मावशीचं शिलाई मशीन मी घरी आणलंय. तुला येतं ना? रविवारी फोन कर आणि दोरा कुठून कसा ओवायचा, तेवढं सांग.

तुझी,
अजून एकच धंदा येणारी लेक