दुसरा ब्रेक

सोमवार, ४ मार्च
ही ऑफिसातून आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. मोठे साहेब म्हणाले — तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखपदासाठी तुमचंच नाव पुढे आहे. पण तुम्ही एक दिवस रजा घेतलीत की सगळं ठप्प! मग तुम्हाला वर कसं न्यायचं?
बावीस वर्षांपूर्वी ही तिथे नुसते पत्ते टाइप करायला लागली. मग तक्रारींचे फोन. मग स्वतः शिकून प्रोग्राम. आज एकोणीस जण हाताखाली. आणि अडचण काय, तर हिला सगळं येतं!

बुधवार, ६ मार्च
परीक्षा ठरली. रविवारी, १७ तारखेला, ऑफिसचं सगळं काम जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर न्यायचं. हिने हात लावायचा नाही. सूत्रं बडबडीकडे, म्हणजे हे आम्ही घरात ठेवलेलं नाव. तक्रारींच्या फोनवरून हिनेच वर आणलेली पोरगी. ती तरली तर ही प्रमुख.

शनिवार, ९ मार्च
बडबडी घरी शिकायला आली होती. दर दोन मिनिटांनी ही तिच्या हातातला माउस ओढून घेते. "थांब, मी दाखवते!" जिच्या तोंडाला कधी खीळ नाही ती पोरगी गप्प बसली. जाताना पायरीवर मला हळूच — "काका, मॅडमचे हात बांधून ठेवता येतील का हो?"
ती गेल्यावर हिला म्हटलं, माझ्या शिकवायच्या गाडीत दुसरा ब्रेक असतो, माझ्या पायाशी. चोवीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. पहिली दहा तो न दाबायला शिकण्यात गेली. पाय शिवशिवतो. देवाचं नाव घ्यायचं आणि थांबायचं.
"अहो, गाडी वेगळी, सर्व्हर वेगळा."
"खरंय. सर्व्हरखाली कुणी येत नाही."
जेवेपर्यंत फुगून होती. मग हसली.

मंगळवार, १२ मार्च
आतल्या खोलीत दोघी ओरडल्या — "बग! बग!" मी लसूण सोलत होतो, तसाच धावलो. काय बघू? दोघी हसून लोटपोट. संगणकातल्या चुकीला बग म्हणतात म्हणे! आमच्या गावच्या शाळेत अर्धा वर्ग 'बघ'ला बगच म्हणायचा. मास्तर छड्या मारायचे.
म्हटलं, मग सोपं आहे की. बग दिसला की बघायचं. नुसतं बघायचं.
संध्याकाळी पाहिलं तर हिच्या पडद्यावर चिठ्ठी चिकटवलेली — 'नुसतं बग'.

रविवार, १७ मार्च
दहाला काम सुरू होणार. सव्वानऊपासूनच हिच्या येरझाऱ्या. म्हटलं, चल, गाडी शिक. शिकाऊ परवाना तीन महिने पडून आहे. नवऱ्याकडून शिकणार नाही ही हिची शपथ, पण आज मोडली. माझा डाव साधा — हिचे दोन्ही हात चाकावर, हिचा फोन माझ्या खिशात.
मोकळ्या मैदानात साडेअकराला फोन वाजला. बडबडी रडवेली. "काका, अडलंय. मॅडमना द्या ना!" हिने गाडी थांबवली. मी स्पीकर लावून फोन मधे धरला. हिच्या ओठांवर उत्तर आलेलं मला दिसलं. हिने ते गिळलं.
"तुला काय दिसतंय ते सांग."
बडबडी सांगत गेली, सांगत गेली... मधेच "अय्या!" आणि फोन बंद!
एक वाजता निरोप आला. 'झालं. जेवायला चाललो.' हिने चाकावर डोकं टेकलं. हॉर्न वाजला!
परतताना म्हणाली, "सकाळपासून तुम्ही अकरा वेळा तो ब्रेक दाबलात. मोजलंय मी. दहा वर्षं लागली ना हो शिकायला?"

शुक्रवार, २२ मार्च
प्रमुख! देवापुढे मागायला म्हणून बसलो होतो, नुसते आभार मानून उठलो.

शनिवार, २० एप्रिल
हिला पक्का परवाना. पहिल्याच फटक्यात! परीक्षकाने विचारलं, शिकवलं कुणी? म्हणाली, "आमच्या बडबडीने. ती ब्रेक दाबत नाही." मी शेजारीच उभा!

सोमवार, ६ मे
प्रमुखाची जागा मुख्य कचेरीत, आणि ती चार तासांवर. आठवड्याचे पाच दिवस आता ही तिकडेच. सोडायला येतो म्हटलं. "नको. जमेल मला." घरच्या गाडीला दुसरा ब्रेक नाही. वळणावर गाडी दिसेनाशी झाली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं — दारात उभ्या उभ्या मी पायाने फरशी घट्ट दाबून धरली होती.
हळूच उचलला.