वगळलेला बिंदू

१२ मार्च, शनिवार

चि. बंड्यास,
ताईचे आशीर्वाद. साठीकडे झुकलास तरी मला तू चिरंजीवच.

इकडे सगळे ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, हे अजून चहात चोरून साखर घालतात. धाकटी विचारत होती, मामा आपल्याकडे का येत नाही. शाळेच्या परीक्षा असतील, म्हटलं.

येत्या शुक्रवारी मी निवृत्त होते. निरोपाच्या भाषणाला विषय त्यांनीच दिलाय: न्यूट्रॉनांचं वलय असलेली केंद्रकं. माझी ख्याती त्यावरच ना!

तळघरातली आपली मोजणीची खोली आठवते? धड खुर्ची एकच, तीही आळीपाळीने. न्यूट्रॉनांनी लादलेलं ते लिथियमचं केंद्रक, डोळ्याचं पातं लवायच्या आत विरणारं. कार्बनच्या पट्टीवर सोडायचं आणि किती पार होतात ते मोजायचं. कमी पार झाली, तर केंद्रक मोठं. तुझं उत्तर भलतंच मोठं आलं. तू म्हणालास, "ताई, यातले दोन न्यूट्रॉन घर सोडून अंगणात झोपलेत." काय हसलो होतो आपण. तेवढं सुख मला पुढे कुठल्या पुरस्काराने दिलं नाही.

आपल्या गटाच्या प्रमुख सरांना ते पटेना. पट्टीची जाडी तूच चुकीची मोजली असणार, म्हणाले, आणि मला विचारलं. मी म्हणाले, "तो जरा घाईतच असतो, सर." तुझा बिंदू आलेखातून वगळला. शोधनिबंधावर पहिलं नाव माझं लागलं आणि तू शाळेत शिकवायला निघून गेलास.

दोन वर्षांनी दुसरीकडच्या लोकांना तेच वलय दिसलं, आणि पुढे मीही त्याच विषयात नाव कमावलं. ते वलय दिसल्याचं कळलं तेव्हा तू लिहिलंस, सर चुकले, तुझा काय दोष. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. का, ते आज सांगते.

तू जायच्या आठवडाभर आधी मी ती पट्टी स्वतः मोजली होती. तीनदा. जाडी तू लिहिलीस तेवढीच भरली. निबंध अजून टेबलावरच होता, सर शेजारच्या खोलीत होते. पण माझी नोकरी पक्की व्हायची होती, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. पस्तीस वर्षं.

शुक्रवारी भर सभागृहात हे सांगणार आहे. तू समोर असावास असं फार वाटतं. नाही आलास तरी सांगेनच. तुझ्यावर रागावायचा हक्क मी तेव्हाच गमावला.

वयाने मोठी, एवढंच म्हणता येईल अशी,
तुझी ताई