एकच हाक

३ मार्च
मालवणात रुजू झाले. हॉस्पिटल खाडीच्या अंगाला, नवंकोरं, आणि कँटीनमध्ये सोलकढी फुकट. पुण्यात शिकून शेवटी घराजवळच नोकरी लागली, म्हणून देवगडात बाबांनी बागेतल्या गड्यांना पेढे वाटले. माझं काम संशोधनाचं. मोठ्या ऑपरेशननंतर व्हेंटिलेटरवर असलेल्यांचं झोपेचं औषध रोज सकाळी कमी करतात. त्या वेळी घरच्या माणसाची रेकॉर्ड केलेली हाक कानाशी लावली, तर पेशंट लवकर आणि कमी गोंधळून जागा होतो का, हे तपासायचं. निम्म्यांना हाक, निम्म्यांना नेहमीचेच उपचार. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवतो. असल्या अभ्यासांनीच आयसीयूतली माणसं वाचायला लागली, असं आमच्या विभागप्रमुख प्रभुदेसाई मॅडम सांगतात. मला पटतं.

११ मार्च
मसुऱ्याचे गुरुदास, आतड्याचं ऑपरेशन. त्यांच्या बायकोने, सुगंधाकाकींनी, रेकॉर्डिंगला सलग तीन हाका मारल्या. नियम एकाच हाकेचा, सगळ्यांना सारखं हवं म्हणून. तसं सांगितल्यावर मी त्यांच्या अन्नात माती कालवल्यासारखं बघायला लागल्या. म्हणाल्या, "एका हाकेक माणूस ओ देणा नाय गो. ओ देता ता दुसराच काय तरी." मी मान डोलावली आणि नंतर दोन हाका कापून टाकल्या.

१४ मार्च
गुरुदास जागे झाले. नळी निघाली, जखम उत्तम. मॅडम खूश. काकी मात्र दाराशीच थांबतात. ह्यो माझो घोव न्हय, असं सिस्टरना म्हणाल्या म्हणे. का, तर जन्मभर भातशेती केलेला हा माणूस बायकोशी ऑफिसातल्यासारखं शुद्ध मराठी बोलतो. मला हसू आलं.

२७ मार्च
हाक लावलेले सगळे बरे झाले. सगळेच. इतका चांगला निकाल कधी लागत नाही. मॅडम आकडे सजवतात की काय, असा मला संशय. स्वतः वॉर्डात फिरून पाहिलं. सगळे ठणठणीत. सगळे "मला बरं वाटतंय" म्हणतात. "माका" कोणीच म्हणत नाही.

२ एप्रिल
बाबांचा अल्सर फुटला, बागेतच कोसळले. ऑपरेशन झालं, व्हेंटिलेटरवर आहेत. आई गेल्यापासून मला तेवढेच. कॉम्प्युटरने त्यांना हाकेच्या गटात टाकलं. माईकसमोर माझ्या तोंडून तीनदा "बाबा" निघालं. तिन्ही हाका परत ऐकल्या. मग दोन कापल्या. काकींचं ऐकायचं तर मी कसली शिकलेली.

५ एप्रिल
जागे झाले. म्हणाले, "गौरजा, मला बरं वाटतंय."
माझं नाव त्यांनी कधी घेतलेलं नाही. त्यांच्यासाठी मी कायम चेडू, म्हणजे पोरगी.

९ एप्रिल
मॅडम म्हणाल्या, औषधाचा परिणाम, होतं असं. होत असेल. घरी आणलंय. बागेतला हापूस दिला. वास न घेता खाल्ला. सालीसकट. माझ्याकडे बघत.
भीती वाटते. स्वतःच्या बापाची.

१० एप्रिल
काकींना फोन केला. गुरुदासांनी उचलला. म्हणाले, सुगंधालाही आता बरं वाटतंय—

११ एप्रिल, दुपार
न कापलेलं रेकॉर्डिंग मिळालं. आयसीयूत आलेय. बाबांचा बेड रिकामा. उशीशी लावलं—
पहिली हाक. काही नाही.
दुसरी.
तिसरी—
ओ आली. रिकाम्या गादीवरून. बाबांचा आवाज, घसा सोललेला. "चेडवा, माका हयच कित्याक ठेवलंस?"
बाबा, मी मुद्दाम नाही हो ठेवलं इथे, थांबा, मी—
दार वाजलं. घरी आणलेले ते आलेत. देवगडहून, एकटे. हसतायत. विचारतायत, कोणाशी बोलतेस.
बाबा, गप्प राहा. आता ओ देऊ नका—
दिली.
ते बेडकडे चाललेत. उशी उचल—