पाच कार्डांची वाट

९ मे
दुपारी परत लाइट पडली. फक्त वरच्या खोलीची. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन गप्प, कूलर गप्प, दादाचं क्रिप्टो मायनिंगचं मशीन पण गप्प. आईने सिलिंडर लावेपर्यंत बाबांचे ओठ... नाही लिहीत.
बाहेरचा पडलेला स्विच वर केला तर सगळं चालू. मायनिंगच्या पाचही ग्राफिक्स कार्डांचे पंखे एकदम फिरायला लागले आणि आई माझ्याकडे बघत राहिली. बोलली असती तर बरं.

१० मे
हजीऱ्याहून इलेक्ट्रिशियन चच्चा आले. वायर बघून म्हणाले, "छह एम्पियर की लाइन पे पूरी बारात चढ़ा रखी है, बेटा." वर हे पण, की गर्मीत हा स्विच पाच एम्पियरवरच पडेल. नवीन वायरसाठी भिंत फोडावी लागते, घरमालक नाही म्हणतो. मतलब तिघांपैकी एकाला उतरावं लागणार. ऑक्सिजनचा तर प्रश्नच नाही. आणि या उन्हात बाबांना कूलरशिवाय...
आई म्हणाली, "दादाला सांग, विकून टाक म्हणावं ती कार्डं."
मी म्हटलं, आधी मोजू दे. एवढंच निघालं तोंडातून.
नववीत शाळा सोडली, तेव्हापासून हेच एक काम आहे माझं. दादा नोएडाला, मशीन इथे. धूळ काढायची, अडकलं की परत चालू करायचं. मशीन कधी म्हणत नाही, उभी राहून वाच.

११ मे
सॉफ्टवेअर दर कार्डाला ८५ वाट दाखवतं. पाचाचे सव्वाचारशे. ऑक्सिजन साडेतीनशे, कूलर दोनशे. पाच एम्पियरला इथल्या दोनशे व्होल्टवर हजार वाट मिळतात, त्याच्या आत. बसतं लाइनीत! आईला सांगून टाकलं, चालेल.
"मग पडते कशाला?"
"स्विच जुना झाला असेल."
आई मान हलवून गेली. मलाच पटलं नाही.

१३ मे
पाटणकर बाजारात गेले, सॉकेटमध्ये लावायचा मीटर आणायला. दुकानवाला सारखा, "ज़ोर से बोलो, क्या चाहिए?" मागे लोक उभे. शेवटी मोबाइलवर फोटो दाखवला.
घरी येऊन मायनिंगचं मशीन मीटरवर लावलं. ६९०.
काढून परत लावलं. ६९०.
सॉफ्टवेअर फक्त मधल्या चिपचं सांगतं. मेमरी, पंखे, बोर्ड, पॉवर सप्लाय स्वतः खातो ते, काहीच धरत नाही. आणि मी आईला म्हटलं, चालेल.
खाली जाऊन सांगायचं होतं. आई पोळ्या करत होती. पाणी पिऊन परत वर आले.

१४ मे
मशीन दिवसभर बंदच. कूलरची वेळ टळली की चालू करून एक-एक कार्ड काढून मोजते आहे. तिसरं सगळ्यात खादाड. आकडा एका जागी थांबत नाही, डोळे दुखायला लागले.
दादाचा मेसेज: काय करतेस?
मी: वाट बघतेय.
दादा: कधीपासून?
मी: चार दिवस झाले.


१५ मे
हद्द झाली. दादाने आईला फोन केला, जुई रडते आहे का, चार दिवसांपासून माझी वाट बघते आहे! तिकीट पण काढून बसला. आई आधी घाबरली, मग हसायलाच लागली. "अरे ती वाट नाही रे, बिजलीची वाट! मीटरवर बघते आहे ती!"
"वॅट लिहायचं ना मग, गधी!"
इथे कोण म्हणतं वॅट. चच्चांपासून सगळे वाटच म्हणतात.
बाबा पण हसले, मग खोकला लागला, बराच वेळ.
तिकीट मात्र रद्द नाही केलं. म्हणे, "आता येतोच. बघूच काय ते."
बघूच मतलब काय?

१७ मे
दादा आला. दारातच, "कुठे आहे वाट बघणारी?" मी आत पळाले.
बघूचा मतलब कळला. गिऱ्हाईक ठरवून आलाय. बिर्ला नगरचा कोणी मुलगा, परवा संध्याकाळी येणार, पाचही कार्डं घेऊन जाणार.
जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, "सांग जुई, खरं किती खातं?"
घास तसाच तोंडात. "सहाशे नव्वद."
आईचा हात थांबला. "तू तर सव्वाचारशे म्हणाली होतीस."
"चुकीचं होतं ते."
दादा म्हणाला, "चला, विषय संपला."
बाबा नाकाची नळी नीट करत म्हणाले, "संपला कसा? कमी करून बघू दे तिला. मोजते आहे ना ती."
"तुमच्या जिवावर मोजायचं?" आई.
"ते मशीन आलं तेव्हापासून पोरगी काहीतरी सांगते तरी मला. उद्या परत मुकी झाली तर तू बोलती करशील?"
वरण थंड झालं.

१८ मे
तिसरं काढलं, पाचवं पण. उरलेल्या तिघांची पॉवर खाली आणली. कमाई थोडी पडली, खाणं मात्र बरंच कमी. मीटरवर ३४०. आता ऑक्सिजन, कूलर आणि हे मिळून आठशे नव्वद, बसतात लाइनीत.
पण सव्वाचारशे पण बसत होतं, कागदावर.
आणि दुपारी व्होल्टेज पडतं. पडलं की तेवढ्याच वाटसाठी करंट जास्त ओढतं. १८० च्या खाली गेलं की स्विचचा काही भरवसा नाही.
दादाने ठरवून टाकलं: उद्या दुपारभर ऑक्सिजन, कूलर, मशीन तिन्ही चालू ठेवायचं. निघाली दुपार तर तीन कार्डं तुझी. लाइट पडली, किंवा भिऊन तू स्वतः मशीन बंद केलंस, तर पाचही जाणार.

१९ मे
तिन्ही चालू. सिलिंडर पलंगाला टेकवून ठेवलाय, आई पाना हातात घेऊन बसली आहे. दादा बाहेर स्विचपाशी. बाहेर रस्त्यावर माणूस नाही, नुसती तापलेल्या वाऱ्याची लू.
सकाळी मीटरवर व्होल्टेज २०५ होतं. आत्ता १८८.
लिहिते आहे कारण नुसतं बसवत नाही.
बाबा म्हणाले, "जेवून घे जा, मी ऐकतोय ना मशीन." नको म्हटलं.
१८४. मायनिंगच्या प्लगला हात लावून बघितला. गरम आहे, की माझाच हात गरम आहे.
दादा तिथूनच, "बंद करायचं असेल तर कर बाई, कोणी काही म्हणणार नाही."
आई माझ्याकडे नाही, मीटरकडे बघते आहे. तिला त्यातलं काही कळत नाही.
१८१. बाबांनी डोळे मिटले. झोपले की ऐकतायत.
१८०.
पेन ठेवते. प्लगसाठी हात रिकामा पाहिजे.