नस कमरेत, बोंब पायात

बुधवारा, बुरहानपूर

ती. रंभाआत्यास, गायत्रीचा वाकून नमस्कार (वाकता येत नाही, मनातल्या मनात समजून घे).

‘पाय दुखतो म्हणणाऱ्या बाईला घरात कोणी पाणीसुद्धा विचारत नाही,’ असं तू माझ्या लग्नाच्या मांडवात म्हणाली होतीस. तुमची केळीबाग ठीक असेल. फोनवर तुझ्या दुखऱ्या पायाचं विचारलं की तू लगेच ‘रेंज नाही’ म्हणतेस, म्हणून पत्र लिहून त्याचा फोटो तुझ्या सुनेला, मोनालीला, पाठवते. तुझा नातू भूपेंद्र वाचून दाखवील.

महिनाभर माझ्या डाव्या पायात, बसायच्या जागेपासून (हे भूपेंद्रने हळू वाचावं) करंगळीपर्यंत, वीज उतरल्यासारखी कळ जात होती. नवरा म्हणाला, “नस म्हणजे रक्ताचीच ना? रक्त तपासू.” रक्त उत्तम निघालं. शेजारच्या सुलभावहिनी म्हणाल्या, “केळं खा वो, पोटॅशियम राहतं त्यात.” आपल्याकडे केळ्यांना काय तोटा? फण्याच्या फण्या संपवल्या. शनवारा पेठेतल्या नस बसवणाऱ्याने तर पोटरी अशी दाबली, की ‘बरं वाटतंय’ असं खोटं सांगून मी सुटले.

शेवटी डॉक्टर. त्यांनी मला उताणी झोपवून पाय सरळ वर उचलला. मी किंचाळले, ते खूश झाले. “गडबड कमर में है, मॅडम.” मणक्यांमधली गादी सरकून पायात उतरणाऱ्या नसेला दाबत होती. (नवऱ्याला वाटलं, डॉक्टरांना कमी ऐकू येतं, पाय सांगितला, कमर लिहिली.) गोळ्या, फिजिओथेरपीचे व्यायाम, आणि पडून न राहता थोडं थोडं चालणं. ऑपरेशन फार थोड्यांना लागतं म्हणे. मी आता बरीच बरी आहे.

तुझी,
गायत्री

ता. क. मोनालीचा फोन होता, “आईंचा पाय बरा झाला, दुखतच नाही. फक्त चप्पल निघून पडते ते त्यांना कळत नाही.” पेढेच वाटायचे राहिले होते. मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत. दुखणं थांबून पाय बधिर झाला, पाऊल उचलेना, तर नस निकामी होत असू शकते. उशीर केला तर पावलातली ताकद परत येईलच असं नाही. लघवीवरचा ताबा गेला तर त्याच क्षणी हॉस्पिटलला निघायचं.

आणखी एक ता. क. उद्या सकाळी गाडी घेऊन खकनारला तुझ्या घरी येते आहे. माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. तू नाहीच म्हणशील (कापणी, पाहुणे, अमावस्या). म्हण. फक्त ओट्यावरून उतरून, गाडीपर्यंत चालत येऊन म्हण.