देवळाजवळच्या कौलारू घराची व्यवस्था

मी, शालन दौलतराव भोईर, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, टेलिफोन कचेरीतून निवृत्त, राहणार शिवमंदिराजवळ, अंबरनाथ पूर्व, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाने नव्हे, पण पुष्कळ जणांना वैतागून लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा भाचा जितेश शंका काढणारच.

१. हे घर वडिलांनी बक्षीसपत्राने मला एकटीला दिले. शेजारचे देऊळ हजार वर्षांचे, म्हणून आम्ही काही दुरुस्ती करायची तर आधी पुरातत्त्व कचेरीची परवानगी. मागच्या खोलीची तुळई वाळवीने खाल्ली. बदलायला अर्ज केला, तर कचेरीतल्या साहेबांनी तुळईचा जुना फोटो मागितला. आमच्याकडे आजीचा फोटो नाही, तुळईचा कोण काढणार? कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला अर्ज लिहायला शिकवले, वाट पाहायला नाही. त्या तुळईचा तुकडा वाळवीसकट साहेबांना पोचता करावा. पोच घ्यावी.

२. गेल्या दिवाळीत मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बदलापूरला होते. कचेरीला जोडून सुट्ट्या आहेत हे पाहून जितेशने मागची कौले उतरवली आणि वरच्या मजल्यासाठी भिंती चढवल्या.

"आत्या, इकडे सगळे असंच करतात. एकदा उभं राहिलं की कोण पाडतंय!"

नव्या विटा जुन्या दिसाव्यात म्हणून त्याने बायकोकडून, तेजलकडून, पातेलेभर चहा उकळून घेतला आणि भिंतींवर ओतला. मी परतले त्याच दिवशी साहेब आले. भिंतीला नाक लावून म्हणाले, "मॅडम, तुमच्या भिंतीला वेलचीचा वास येतोय."

भिंती पाडाव्या लागल्या. जितेश तेजलवर ओरडला, "वेलची कशाला घातलीस?"

"साहेबलोक येणार होते ना? पाहुण्यांचा चहा बिनवेलचीचा करू नये, आत्यांनीच शिकवलंय."

ती हसली नाही. माझ्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती, तरी दिसायचे ते मला दिसले.

३. सबब हे घर माझ्यामागे तेजल जितेश भोईर हिच्या पूर्ण मालकीचे होईल. छपराला कौलेच राहतील. दर मे महिन्यात ती उतरवून, फुटकी बदलून, पुन्हा शाकारावीत. त्यासाठी बँकेतली ठेव तिलाच. तुळईचा अर्ज मागे घेऊ नये. साहेब बदलतात.

४. चहाचे ते पातेले जितेशला. घासून घ्यावे.

५. साक्षीदार बनूबाईंच्या पन्हळीचे पाणी माझ्या ओट्यावर पडते. त्यांनी साक्ष दिली म्हणून ते माफ झालेले नाही.

६. जितेशला या घरात राहायचे असल्यास तेजलची परवानगी लागेल. त्याने लेखी अर्ज करावा, जुना फोटो जोडावा आणि वाट पाहावी.

वरील सर्व मी स्वतः लिहून, चष्मा लावून दोनदा वाचले आहे.

सही: शालन दौलतराव भोईर

साक्षीदार:
१. बनूबाई सुदाम गायकर (पन्हळ हलवते म्हणाल्या आहेत)
२. मुकेश बबन जाधव

स्थळ: अंबरनाथ पूर्व
दिनांक: ९ मार्च २०२५